नाथसागराचे गणित

डिसेंबर २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील ८८ औद्योगिक समूहांची प्रदूषणाच्या निर्देशांकानुसार जी क्रमवारी प्रसिद्ध केली, तीत सत्तरीची मर्यादा ओलांडणाऱ्या ४३ समूहांमध्ये औरंगाबादचे नाव ७७.४४ गुणांसह आले, आणि महाराष्ट्रापुरते पाहिले तर चंद्रपूर व डोंबिवली एवढीच दोन नावे त्याच्या पुढे होती. पुढच्याच महिन्यात केंद्र सरकारने अशा समूहांतील नव्या प्रकल्पांच्या पर्यावरणविषयक मंजुऱ्या काही काळ रोखून धरल्या. ज्या एका आकड्यावर कोट्यवधींची गुंतवणूक अडते आणि सहस्रावधी माणसांच्या रोजगाराचा प्रश्न टांगणीला लागतो, तो आकडा कसा सिद्ध होतो याची रीतसर चौकशी त्याच औरंगाबादजवळच्या वाळूजच्या कारखान्यांत काम करणाऱ्या, अथवा उद्या तेथे काम करू इच्छिणाऱ्या, किती तंत्रज्ञांनी केली असेल, हा प्रश्न त्या वेळीही माझ्या मनात आला होता आणि आजही तो तेथून हललेला नाही.

वस्तुतः त्या आकड्याच्या घडणीत गूढ असे काही नाही. हवा, पाणी आणि जमीन यांना शंभरांपैकी तीन स्वतंत्र गुण दिले जातात. त्यांपैकी सर्वांत मोठा गुण जसाच्या तसा धरावयाचा. तो शंभरातून वजा करून जे अंतर उरेल, त्याला उरलेल्या दोन गुणांच्या शतांशांनी क्रमाने गुणावयाचे, आणि तो गुणाकार पहिल्या गुणात मिळवावयाचा. उदाहरणादाखल एखाद्या ठिकाणी हे गुण ६०, ५० आणि ४० असे आले असतील, तर उरलेले अंतर ४०, त्याचे निम्मे २०, त्याचे चार दशांश ८, आणि अंतिम गुण ६८ होतात. याच तीन संख्यांची सरासरी काढली असती तर ती अवघी ५० आली असती, आणि ‘गंभीर’ ठरण्यासाठी लागणाऱ्या साठ गुणांपासून तो समूह दूर राहिला असता. सूत्र रचणाऱ्यांनी सरासरी जाणूनबुजून टाळलेली आहे, कारण विषारी हवेची भरपाई स्वच्छ जमिनीने होत नसते. सर्वांत वाईट ते वाईटच राहते आणि बाकीचे त्यात भर घालतात. एवढा विचार एका ओळीच्या बीजगणितात सामावलेला आहे, आणि तो उकलण्यासाठी लागणारे गणित तंत्रनिकेतनाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याजवळ असतेच. मात्र ते त्याच्याजवळ याच कामासाठी आहे, असे त्याला कोणी सांगितलेले नसते.

शहरातून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, गंगापूर तालुक्याच्या हद्दीला भिडून पसरलेली वाळूजची औद्योगिक वसाहत १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाल्यापासून मराठवाड्याच्या अर्थजीवनाचे एक मुख्य केंद्र बनली. पंढरपूर, बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, घाणेगाव, वडगाव कोल्हाटी ही सारी गावे तिच्यामुळे गावपण हरवून बसली आणि शहरही पुरते झाली नाहीत. मोटारींचे सुटे भाग, विद्युत उपकरणे, औषधे, मद्य, प्लास्टिक असे नाना प्रकारचे उत्पादन येथे होते. येथील पाणी नाथसागरातून, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयातून, येते, आणि वसाहतीजवळून वाहणारी खाम नदी शहराचे व उद्योगांचे जे काही पदरी पडेल ते घेऊन पुन्हा त्याच नाथसागराकडे जाते. बीड, जालना, परभणी, हिंगोलीकडून येणारी शेतकऱ्यांची मुले तंत्रनिकेतनाची पदविका किंवा अभियांत्रिकीची पदवी हाती घेऊन याच वसाहतीत प्रथम अप्रेंटिस, मग ट्रेनी, आणि नशिबाने साथ दिली तर कायम होतात. त्यांच्यापैकीच कोणी सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या पाळीवर उभा राहतो, कोणी ‘ईएचएस’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या पर्यावरण, आरोग्य व सुरक्षा विभागात बसून राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला जाणारी विवरणपत्रे भरतो. दिल्लीत अथवा मुंबईत ठरलेल्या पर्यावरण धोरणाची अखेरची ओळ लिहिली जाते ती या मुलाच्या हातून.

त्याला आपण कोणते गणित शिकवून पाठवतो, हे आता पाहिले पाहिजे. बारावीनंतर अभियांत्रिकीला जाणाऱ्यासाठी राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेत दोनशेपैकी शंभर गुण एकट्या गणिताचे असतात. पन्नास प्रश्न, नव्वद मिनिटे, आणि चुकीच्या उत्तराला दंड नाही. या व्यवस्थेत गणित हे विचाराचे साधन राहत नाही, ते वेगाचे आणि प्रसंगी अंदाजाने गोल काळे करण्याचे कौशल्य होते. दहावीनंतर पदविकेला आलेल्या मुलाची गोष्ट निराळी आहे. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या २०२३-२४ पासून लागू झालेल्या ‘के’ योजनेत मूलभूत गणित पहिल्या सत्रात आणि उपयोजित गणित दुसऱ्या सत्रात येते. तेथे गणिताची मुदत संपते, आणि पर्यावरण शिक्षण व शाश्वतता हा विषय उगवतो तो चौथ्या सत्रात. गणिताचे शिक्षक तोवर पुढच्या तुकडीकडे वळलेले असतात, विद्यार्थ्याने विकलनाची व संकलनाची सूत्रे विस्मृतीच्या स्वाधीन केलेली असतात, आणि पर्यावरणाचा पेपर व्याख्या, प्रकार, कारणे आणि उपाय अशा चार खणांत पाठ करून देता येतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निर्णय देताना पर्यावरणाचे शिक्षण सर्व स्तरांवर सक्तीचे असावे असा आदेश दिला, तेव्हा त्या आदेशाची परिणती वर्गीकरणाच्या घोकंपट्टीत होईल, असे न्यायमूर्तींना अभिप्रेत नसावे.

याहून बिकट अवस्था थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्या पदविकाधारकाची होते. पदवीच्या पहिल्या वर्षाला त्याला सूट मिळालेली असते. सबब एम-वन आणि एम-टू या गणिताच्या पहिल्या दोन पेपरांची पायरी न चढता तो एकदम तिसऱ्या सत्रातील एम-थ्रीच्या दारात येऊन उभा राहतो, आणि लाप्लास रूपांतर, फूरिए, अवकल समीकरणे यांचा भडिमार सुरू होतो. मराठवाड्यातील बहुतेक अभियांत्रिकी वसतिगृहांत ‘एम-थ्री राहिला’ हे वाक्य इतके नित्याचे आहे की त्यावर कोणी सांत्वनही करीत नाही. मग ‘आयएमपी’ प्रश्नांच्या याद्या फिरतात, मागील पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका झेरॉक्सच्या दुकानात मिळतात, पायरीपायरीने मिळणाऱ्या गुणांचा हिशेब बांधला जातो आणि विषय एकदाचा निघतो. तो निघाला याचा आनंद मीही नाकारीत नाही. परंतु जो विषय डोक्यावरून उतरविण्यासाठीच शिकला गेला, तो पुढे सांडपाण्याच्या टाकीजवळ उभे असताना हाताशी कसा येणार?

येथे एका जुन्या स्मृतीचा उल्लेख अप्रस्तुत होणार नाही. आपल्या जिल्ह्याच्या कन्नड तालुक्याचा डोंगर उतरून चाळीसगावच्या बाजूला गेले म्हणजे पाटण हे स्थान लागते. शके ११२८ च्या सुमाराचा जो शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी तेथे उजेडात आणला, त्यात भास्कराचार्यांचे नातू चंगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची आणि त्याला देणग्या मिळाल्याची नोंद आहे. ज्या ग्रंथांसाठी हा मठ झाला, त्यांपैकी ‘लीलावती’त तळ्यातील कमळाचे एक उदाहरण आहे: कमळ पाण्यावर अर्धा हात वर दिसते, वाऱ्याने कलून दोन हातांवर बुडते, तर तळे किती खोल? काटकोन त्रिकोणाच्या नियमाने उत्तर पावणेचार हात येते. तळ्यात न उतरता, केवळ काठावरून दिसणाऱ्या दोन मापांवरून तळ्याची खोली काढण्याची ही युक्ती आहे, आणि तिच्यात गणित व पाणी यांच्यामध्ये पडदा नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी यांच्या पाढ्यांवर वाढलेल्या पिढ्यांना बाजारातले धान्य आणि शेतातले पाणी यांचा हिशेब तोंडी जमत असे तो याच परंपरेमुळे. त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा उद्देश नाही. त्या पाठशाळा थोड्यांसाठीच उघड्या होत्या, आणि आजच्या तंत्रनिकेतनाच्या वर्गात बसणाऱ्या बहुसंख्य मुलांच्या पूर्वजांना तेथे प्रवेश मिळाला असता की नाही, याची शंकाच आहे. मात्र उदाहरण कोठून घ्यावे हे त्या ग्रंथकाराला कळत होते, आणि आमच्या पाठ्यपुस्तकांना ते कळत नाही, एवढी तक्रार करण्याचा अधिकार आपल्याला आहे.

आता सांडपाण्याचेच घ्या. नदीत सोडावयाच्या पाण्यातील जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे कारखान्यांच्या बोलीत बीओडी, सर्वसाधारणपणे लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत असावी असा दंडक आहे. समजा एखाद्या कारखान्यातून दिवसाला दहा लाख लिटर पाणी निघते आणि त्याची बीओडी ६० आहे. म्हणजे रोज ६० किलो प्राणवायू खाऊन टाकणारा भार नदीवर पडतो. प्रक्रियेवर खर्च करण्याऐवजी व्यवस्थापकाने त्यात तितकेच, दहा लाख लिटर, स्वच्छ पाणी मिसळले तर नमुन्यातील बीओडी ३० येईल, कागद निर्दोष होईल, आणि नदीवरचा भार मात्र पूर्वीइतकाच ६० किलो राहील. कायदा याबाबत अगदीच आंधळा नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात पाण्याचे परिमाणही लिहिलेले असते आणि अशी सौम्यीकरणाची वाट अमान्य आहे. तरीही ती पकडावयाची तर संहती आणि भार यांतील भेद, म्हणजे भागाकार आणि गुणाकार यांतील भेद, तपासणाऱ्याच्या आणि तपासून घेणाऱ्याच्या अंगी मुरलेला असावा लागतो. वाळूजमध्ये या युक्तीला दुहेरी दोष लागतो, कारण मिसळले जाणारे स्वच्छ पाणी नाथसागरातून, पिणाऱ्यांच्या वाट्यातून, आलेले असते.

हाच धडा संख्याशास्त्राचाही आहे. मोठ्या प्रदूषक उद्योगांना अलीकडे सतत मोजणारी यंत्रे बसवावी लागतात आणि त्यांचे आकडे दर पंधरा मिनिटांनी मंडळाकडे जातात. दिवसाला ९६ नोंदी होतात. त्यांपैकी ९२ नोंदींत बीओडी २० आहे आणि रात्रीच्या एका तासातील चार नोंदींत ती २०० आहे, अशी कल्पना करा. दिवसाची सरासरी २७.५ येते, आणि केवळ सरासरी वाचणाऱ्याला तो दिवस निष्कलंक दिसतो. नदीतील माशांना मात्र तो एक तास पुरेसा असतो. प्रमाण विचलन म्हणजे काय, हे परीक्षेत सूत्रासह लिहिणाऱ्या मुलाला हा रात्रीचा तास दाखविला, तर त्याला ते सूत्र पुन्हा पाठ करावे लागणार नाही. अवकल समीकरणांच्या पुस्तकात मिठाच्या पाण्याची टाकी असते, तीत एका नळाने पाणी येते व दुसऱ्याने जाते, आणि काही वेळानंतर मीठ किती उरेल असे विचारलेले असते. वाळूजच्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात कारखान्यांचे पाणी एकत्र येऊन समान होण्यासाठी जी टाकी असते, ती हीच टाकी होय. पुस्तकाने मात्र तिला नाव-गाव दिलेले नाही. सामू सहावरून पाचावर आला तर आम्लता एका पायरीने नव्हे, दहापटीने वाढते. ऐंशी डेसिबलची दोन यंत्रे शेजारी लावली तर आवाज एकशे साठ होत नाही, त्र्याऐंशीच्या आसपास राहतो. लॉगॅरिथमचे धडे एरवी रुक्ष वाटतात खरे, पण याहून चांगले उदाहरण मिळण्यासाठी या विद्यार्थ्याला वसाहतीबाहेर जावे लागत नाही.

आणि नाथसागर तर साक्षात प्रश्नसंग्रहच आहे. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये पायाभरणी केलेल्या आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालेल्या जायकवाडी धरणाचा एकूण साठा सुमारे १०२ टीएमसी (अब्ज घनफूट), आणि त्यापैकी उपयुक्त साठा ७६ टीएमसीहून किंचित अधिक. वृत्तपत्रात ‘जायकवाडी शून्य टक्के’ असा मथळा येतो, तेव्हा धरण कोरडे पडलेले नसते, सुमारे २६ टीएमसीचा मृतसाठा, गाळ धरून, खाली असतो. २०१६ च्या उन्हाळ्यात, जेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी नेण्याची वेळ आली आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या व इतर उद्योगांच्या पाण्यात कपात करण्याचे हुकूम दिले, तेव्हा तहान या मृतसाठ्यावरच भागत होती. शंभर टक्के कशाचे आणि शून्य कोठून मोजले, हे विचारल्यावाचून टक्केवारी वाचणे म्हणजे पाटी न वाचता गावात शिरणे होय. पुन्हा, भरलेल्या नाथसागराचे पृष्ठ सुमारे ३५० चौरस किलोमीटर; त्यावरून एक सेंटिमीटर पाणी उडून गेले तर ३५० कोटी लिटर गेले. वैशाखात हे किती दिवसांत घडते, हे मुलांनी स्वतः मोजावे.

वरच्या धरणांतून पाणी सोडावे की नाही, हा नाशिक, अहिल्यानगर आणि मराठवाडा यांच्यातील दरवर्षीचा वाद. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी वाटपाचे तत्त्व आले, मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये त्याची कोष्टके मांडली, आणि ऑक्टोबरच्या मध्यास जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरून पाणी यावे, हा दंडक सर्वांच्या तोंडी झाला. ‘आमच्या हक्काचे पाणी’ ही घोषणा देण्याचा अधिकार सर्वांनाच आहे. परंतु ६५ हा आकडा कोणत्या गृहीतकांवर उभा आहे, वाटेत नदीपात्रात किती पाणी मुरते, खरिपाचा वापर कोणत्या स्तंभात धरला आहे, हे कोष्टक समोर ठेवून वाचू शकणारी माणसे दोन्ही बाजूंना थोडी आहेत, आणि म्हणून वाद न्यायालयात जातो व तेथेही तज्ज्ञांच्या शपथपत्रांच्या ओझ्याखाली दबतो. वाळूजहून फार दूर नसलेल्या कांचनवाडीस वाल्मी, म्हणजे जल व भूमी व्यवस्थापन संस्था, १९८० पासून आहे. सिंचन अभियंत्यांना शिकविण्यासाठी स्थापन झालेल्या त्या संस्थेच्या दारावरून शहरातील किती तांत्रिक विद्यार्थी एकदाही आत न जाता पदवीधर होत असतील!

राष्ट्रीय धोरणाचीही हीच स्थिती आहे. भारताने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या उद्दिष्टानुसार २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत सकल उत्पादनाची उत्सर्जन तीव्रता ४५ टक्क्यांनी घटवावयाची आहे. ही तीव्रता म्हणजे गुणोत्तर. उत्पादन चौपट झाले आणि तीव्रता ४५ टक्के घटली, तरी एकूण उत्सर्जन २.२ पट होते. उद्दिष्ट पूर्ण झालेले असते आणि धूरही वाढलेला असतो. विकसनशील देशाने असे उद्दिष्ट निवडणे मला गैर वाटत नाही. परंतु ते गुणोत्तर आहे हे न समजणाऱ्या नागरिकाला सरकार फसवते असे एक जण पटवतो आणि सरकारने प्रदूषण निम्मे केले असे दुसरा पटवतो. दोघांनाही तो टाळ्या देतो. राज्याने २०१७ ते २०१९ या तीन पावसाळ्यांत चार, तेरा आणि तेहतीस अशी एकूण ५० कोटी वृक्ष लागवड करण्याचा संकल्प केला होता. लावलेल्या रोपांपैकी दरवर्षी दहातील सात जगली असे धरले, तर तीन वर्षांअखेर शंभरातील चौतीसच उरतात. म्हणून अशा संकल्पाचा ताळेबंद लागवडीच्या दिवशीच्या आकड्यावर बंद करता येत नाही. उलट वाळूजला लागून असलेल्या पाटोदा गावाने भास्करराव पेरे पाटील यांच्या सरपंचपदाच्या काळात घरोघरी नळाला मीटर बसविले, आणि मोजणी सुरू होताच पाण्याबद्दलचे बोलणे बदलले. त्यासाठी कोणाला प्रमाण विचलन यावे लागले नाही. मोजण्याची इच्छा मात्र असावी लागली.

येथे एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो मी टाळू इच्छीत नाही. प्रदूषण करणाऱ्यांना गणित येत नाही असे थोडेच आहे? स्वच्छ पाणी मिसळण्याची युक्ती शोधणारा भागाकारात कच्चा नव्हता. रात्रीचा तास निवडणाऱ्याला सरासरी उत्तम समजत होती. हे खरे आहे, आणि गणित शिकविले की सचोटी आपोआप येते असे मी म्हणणार नाही. परंतु आज हे ज्ञान एकाच बाजूला साचलेले आहे. युक्ती करणाऱ्या सल्लागाराला ते असते. पाळीवरच्या पदविकाधारकाला, रांजणगावच्या ग्रामपंचायत सदस्याला, विहिरीचे पाणी लाल झाले म्हणून अर्ज देणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला ते नसते. त्या मुलाजवळ ते आले, तर युक्ती करणाऱ्याला निदान आपल्याच कारखान्यातील कोणीतरी आकडा उलटून पाहील, ही धास्ती राहील. शिवाय, ज्याने विवरणपत्रावर सही केली तोच पुढे अडचणीत सापडू शकतो. काय लिहिले आहे हे समजून सही करणे हा त्याच्या स्वतःच्या संरक्षणाचाही प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप अधिक सौम्य शब्दांत मांडला जातो: मुले गणितात कच्ची असतात, तेव्हा गणितच हलके करावे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी बारावीचे भौतिकशास्त्र व गणित सर्वांना अनिवार्य ठेवू नये अशी मुभा देऊ केली, तेव्हा झालेल्या टीकेत बराचसा भाग अभिजनांच्या तुसडेपणाचा होता, असे माझे मत आहे; ज्याला बारावीत गणित घेण्याची संधी वा शिक्षक मिळाला नाही, त्याला दार बंद करणे न्याय्य नव्हे. परंतु दार उघडल्यानंतर आत काय शिकवायचे, हा प्रश्न तसाच राहतो. गणिताचे प्रमाण कमी केल्याने ते सोपे होत नाही, त्याला ओळखीचा विषय मिळाल्याने होते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला लाप्लासची व्याख्या इंग्रजीत वाचून जी धडकी भरते, ती खामच्या पाण्यातील प्राणवायू किती दिवसांत परत येईल या प्रश्नाने भरत नाही, कारण तो नदीचा वास त्याने घेतलेला असतो. प्राध्यापकांवरील भाराचे काय, असेही विचारले जाईल. तासिका तत्त्वावर दोन-तीन महाविद्यालयांत धावणाऱ्या शिक्षकाकडून नवे प्रश्न रचण्याची अपेक्षा करणे खरोखरच कठोर आहे, आणि या सुधारणेचा खरा खर्च तेथेच आहे. शासनाने हा खर्च करावा, फलकांवर आणि शपथविधींवर होणारा थोडा वाचवून करावा.

मागणी लहान आहे. तंत्रशिक्षण मंडळाच्या योजनेत ‘मायक्रो प्रोजेक्ट’ नावाची एक सोय आहे. बहुतेक ठिकाणी ती चार पानांची स्पायरल बांधणी करून उरकली जाते. गणिताचा आणि पर्यावरणाचा मायक्रो प्रोजेक्ट एकच करावा, त्यास दोन्ही विषयांचे गुण मिळावेत, आणि त्यासाठीचे आकडे या जिल्ह्याचे असावेत. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे सतत येणाऱ्या नोंदी, निदान सामायिक प्रक्रिया केंद्राच्या, महाविद्यालयांना गणना करता येईल अशा तक्त्यांच्या रूपात दरमहा द्याव्यात. व्यापारी गुपिताची सबब कारखान्यासाठी समजण्यासारखी आहे, नदीसाठी नाही. उद्योजकांच्या संघटना आपल्या सभासदांना हवामानाच्या नव्या नियमांवर आणि कार्बन बाजारावर व्याख्याने देतात, ती व्याख्याने विद्यार्थ्यांनाही खुली व्हावीत, कारण येत्या काळात त्या बाजाराचे कारकून आणि लेखापरीक्षक याच मुलांमधून घ्यावे लागणार आहेत.

अभ्यासक्रमाची फेरमांडणी होईल तेव्हा होईल. मंडळांचे दफ्तर सावकाश हलते. पण नाथसागराचा साठा पंधरा ऑक्टोबरला किती टक्के आहे हे दरवर्षी जाहीर होते, ते सकाळच्या वृत्तपत्रात छापून येते, आणि तेव्हा विषम सत्र चालू असते. तिसऱ्या सत्राचा एम-थ्रीचा तास त्या आठवड्यात असतोच.